ट्राय बॉल

झेंडावंदन आटोपलं आणि कुणीतरी पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर खडूने तीन स्टंप काढले. आज आमच्या कॉलनीची वार्षिक मॅच, लग्न झालेले विरुद्ध बिनलग्नाचे. पहिला चेंडू खेळायचा मान सर्वांत थोरल्याचा, म्हणजे इतकी वर्षं आमच्या ह्यांचा. हे हटकून पहिल्याच चेंडूवर बोल्ड व्हायचे आणि बॅट उंचावून ओरडायचे, “ट्राय बॉल होता!” ट्राय बॉल कुणी मोजत नाही. सगळे हसायचे आणि चेंडू पुन्हा टाकायचे.

ह्यांच्यामागे यंदा मान खालच्या मजल्यावरच्या सामंतांचा. तेही पहिल्याच चेंडूवर बोल्ड झाले आणि निमूट बॅट ठेवून निघाले. एकेकाची नजर वर, माझ्या गॅलरीकडे वळली.

मी कठड्यावरून वाकले. “अहो सामंत, परत फिरा! ट्राय बॉल होता!”

हशा उसळला. चेंडू पुन्हा पडला.

आत येऊन बसले. ह्यांची शेवटची सकाळ मी आमटीतल्या मिठावरून भांडण्यात घालवली होती. तेवढी एक सकाळ मोजू नका म्हणून आता मी कुणाला ओरडून सांगू?