साडूंनी मला वॉटरफोर्डला दिलं

एखादी वस्तू मूळ मालकाकडेच राहिली तर ती वाया गेली, असं मनापासून मानणारा माणूस साऱ्या आयर्लंडात आमच्या साडूंखेरीज दुसरा नसेल. बायको त्यांना भाऊजी म्हणते, म्हणून मीही भाऊजीच म्हणतो. मेव्हणी डब्लिनच्या ब्युमॉन्ट हॉस्पिटलात डॉक्टर. तिच्यामागोमाग हे पुण्याहून आले आणि ब्लँचर्डस्टाउन उपनगरात जेवणाच्या डब्यांचा धंदा थाटून बसले. डबे पोचवताना कोणाकडे काय नुसतं पडून आहे ते त्यांना दिसे, आणि तिथून अदलाबदल सुरू होई. गवत कापायचं यंत्र देऊन त्यांनी शेजारच्या आयरिश आजोबांची शिडी आणली; गवत गुडघ्याला लागलं तेव्हा शिडी देऊन यंत्र परत आणलं, आणि दोन्ही वेळा फायदा आपलाच झाला असं ते आजही शपथेवर सांगतात. एकदा मेव्हणीने कुकरसाठी प्रेस उघडलं (कपाटाला इथे प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो), तर आत बीटांची गोणी.

"कुकर कुठाय?"

"समोरच्या पोलिश बाईंना हवा होता. बीट तब्येतीला चांगलं."

त्या आठवड्यात वरण पातेल्यात शिजलं आणि बीटाची कोशिंबीर प्रत्येक डब्यातून डब्लिनभर फिरली.

याच भाऊजींनी मराठी मंडळींचा क्रिकेट संघ काढला होता. स्वतः अकराव्या नंबरला येत आणि बहुधा पहिल्याच चेंडूवर बाद होऊन, गोलंदाजाची पाठ थोपटून परत जात. पावसाने सामना बुडाला तरी आयरिशांसारखं "ग्रँड", हरलो तरी "ग्रँड". संघात हुकमी गोलंदाज एकच, तो म्हणजे मी. मी डॉक्टर, पण हॉस्पिटलमध्ये चार वर्षं त्याच खुर्चीवर, सहा-सहा महिन्यांच्या करारावर होतो. पण रविवारी मी धावत सुटलो की समोरचा फलंदाज आधी हेल्मेट चाचपायचा. त्या एका दिवसावर माझे उरलेले सहा निघायचे.

अशात मला डब्लिनपासून दोन तासांवरच्या वॉटरफोर्डला ट्रेनिंगची जागा मिळाली. कन्सल्टंट, म्हणजे कायमचा तज्ज्ञ डॉक्टर, व्हायचं तर वाट तीच. मी नाही म्हणायच्या बेतात होतो. बायकोला कारणं सांगितली: घर बदलायचं, नवं गाव, ओळखी नाहीत. खरं कारण तिला ठाऊक होतं. तिने ते भाऊजींच्या कानावर घातलं.

पुढच्या रविवारी सामना संपल्यावर भाऊजींनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "डॉक्टर पुढच्या सीझनपासून वॉटरफोर्डच्या संघाकडून खेळतील. त्यांच्या कॅप्टनशी बोलणं झालंय. बदल्यात आपल्याला दोघं मिळालीत."

ती दोघं तशीही नोकरीसाठी डब्लिनला येणारच होती. एक नाशिकची रेडिओग्राफर, जिचा चेंडू दोन टप्पे खाऊन विकेटकीपरकडे पोचे. दुसरा आयरिश इलेक्ट्रिशियन. जन्मभर हर्लिंग हा इथला काठी-चेंडूचा खेळ खेळलेला, त्यामुळे येईल तो चेंडू आभाळात मारणारा.

मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं. "भाऊजी, मी काय तुमचा कुकर आहे?"

ते गाडीत स्टंप ठेवत होते. वर न बघता म्हणाले, "इथे राहिलात तर दर रविवारी टाळ्या मिळतील, डॉक्टर. चाळिशीत खांदा जाईल. मग सोमवारी काय करणार?"

मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोललो नाही. पण गेलो.

पहिली दोन वर्षं कठीण गेली. परीक्षेत एकदा आपटलोही. आज वॉटरफोर्डला दारावर माझ्या नावाची पाटी आहे, आणि मुलगी तिथल्याच हेलात मला इंग्रजीतून दटावते. डब्लिनचा संघ मात्र तो सगळा सीझन हरला. भाऊजी रोज संध्याकाळी त्या दोघांना नेटमध्ये शिकवत राहिले. आता नाशिकची मुलगी त्यांची पहिली गोलंदाज आहे.

आभार मानायला मी बऱ्याचदा फोन केला. "भाऊजी, तुम्ही त्या वेळी..." एवढं म्हटलं की ते हवामान विचारतात.

गेल्या उन्हाळ्यात एका सामन्यात आम्ही समोरासमोर आलो. भाऊजी अकराव्या नंबरला आले. केस पांढरे, पॅड सैल, चाल मंद. मी हळूच एक चेंडू टाकला. त्यांनी तो अडवला आणि बॅट टेकून उभे राहिले.

"डॉक्टर, दया वॉर्डात दाखवा. इथे नीट टाका."

मी पूर्ण धावत आलो. मधला स्टंप उडाला. हातमोजे काढत ते अंपायरपाशी थांबले. तो उंच आयरिश माणूस, इथे कोणाही गड्याला ‘युअर मॅन’ म्हणतात तसंच, माझ्याकडे बघत त्यांना म्हणाला, "युअर मॅन वेगात आहे. कुठला?"

भाऊजी म्हणाले, "आमच्या घरचा."