घरात माणूस पाहिजे

घराला कुलूप लावून बाहेर जाणं म्हणजे पेटत्या चुलीवर पाणी ओतून उठण्यासारखं आहे, असं मनापासून मानणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि ती नेमकी माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात मला नोकरी लागली आणि उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये एका बॅरेकीतली खोली भाड्याने मिळाली. या बॅरेकी मुळात लष्कराच्या. फाळणीनंतर तिथे सिंधी कुटुंबं येऊन राहिली आणि पुढे मध्ये मध्ये भिंती घालून आमच्यासारख्यांचीही सोय झाली. मी टेम्पोतून सामान उतरवत होतो, तेवढ्यात शेजारच्या दारातून एक ठेंगणी, ठसठशीत कुंकू लावलेली बाई पिठाचा रिकामा डबा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "आलात का? बरं झालं. जरा आमच्यात बसा, मी गिरणीतून दळण घेऊन येते." माझं नाव काय, गाव कुठलं, मी चोर की साव, यातलं तिने काही विचारलं नाही. मीही खुळ्यासारखा आत जाऊन बसलो. ती परत आली तेव्हा माझी गादी, स्टोव्ह आणि पुस्तकांचं खोकं रस्त्यावर बेवारस पडलं होतं आणि तिचं घर मात्र शाबूत होतं. त्या दिवसापासून मी त्यांना काकू म्हणू लागलो आणि त्या मला घरातलं माणूस समजू लागल्या. म्हणजे काय, हे पुढे बसून बसून कळलं.

"घरात माणूस पाहिजे," हे काकूंचं एकमेव तत्त्व होतं. त्यामागचं कारण मात्र विचारणाऱ्यागणिक बदलत असे. कधी म्हणत, लक्ष्मी बंद दारावरून परत जाते. कधी म्हणत, हे पाळीवरून दमून येतात, त्यांना दारात कुणी दिसायला नको? काका शहाडच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करत. त्यांची पाळी कोणतीही असो, ते उंबऱ्यात पाय ठेवत तेव्हा तवा तापलेला असे आणि भाकरीचं पीठ परातीत मळलेलं असे. मुलगी शाळेतून, मुलगा क्रिकेटमधून, कुणीही कधीही आलं तरी तेच. मुलं कधी रुसून, कधी नापास होऊन, कधी गुडघे फोडून येत, आणि प्रत्येक वेळी आई समोर असे. ती काही समजूत वगैरे घालत नसे. "हातपाय धू, गरम आहे तोवर खा," एवढंच म्हणे, आणि तेवढ्याने निम्मं दुःख कमी होत असे. माझं स्वतःचंही पुष्कळ दुःख त्या परातीशेजारी कमी झालेलं आहे.

पण या तत्त्वापायी ते चौघे एकत्र घराबाहेर पडलेले कुणी पाहिले नव्हते. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या देवळाची जत्रा भरे, तेव्हा काका मुलांना घेऊन सकाळी जात आणि ते परत आले की काकू दुपारी एकट्या जात. एकाच महादेवाला हे कुटुंब दोन पाळ्यांत भेटत असे. चौघांचा फोटो काढायचा ठरला तेव्हा स्टुडिओत न जाता फोटोग्राफरलाच घरी बोलावलं गेलं, आणि फोटो झाल्यावर काकू त्याला म्हणाल्या, "आता आलाच आहात तर थोडं बसा, मी कोथिंबीर घेऊन येते." एकदा विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला त्यांनी असंच बसवलं आणि रॉकेलच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. जाताना त्याला सांगून गेल्या की कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की स्टोव्ह बंद करा, आणि हात रिकामाच आहे तर एवढा लसूण सोला. काका पहिल्या पाळीवरून आले तर एक अनोळखी इसम खाकी पिशवी मांडीवर ठेवून लसूण सोलत बसलेला. काकांनी चप्पल काढली, हातपाय धुतले आणि तेही त्याच्या शेजारी लसूण सोलायला बसले. मी नंतर त्यांना विचारलं, "तुम्ही कोण, असं तरी विचारायचं." ते शांतपणे म्हणाले, "आमच्याकडे कोण कोण राहतं, ते मलाही रेशनकार्ड बघूनच कळतं."

समोरच्या खोलीत पापडाचा धंदा करणारी सिंधी भाभी राहत होती. ती काकूंना अदी, म्हणजे ताई म्हणायची. दोघींचं भांडण आणि प्रेम एकाच आवाजात चालत असल्यामुळे कोणतं कधी सुरू झालं आणि कधी संपलं हे बाहेरच्याला कळत नसे. भाभीच्या घराला लोखंडी जाळीचं दार, त्याला दोन कड्या आणि वर मुठीएवढं कुलूप. तिला काकूंचं हे वागणं मुळीच पसंत नव्हतं. "अदी, किसी को भी बिठाते हो तुम्ही," ती म्हणायची. "एक दिन चोर आएगा, मग रडाल."

"चोर आला तर बसेल," काकू तांदूळ निवडत म्हणाल्या. "बसला की चहा घेईल. चहा घेतलेला माणूस चोरी कशी करील?"

आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या वर्षांत भाभीकडून दोनदा शेगडी चोरीला गेली आणि काकूंकडचा चमचाही हलला नाही.

मुलीचं लग्न ठरलं ते बदलापूरच्या घरी, आणि हॉल घेतला अंबरनाथला. आता आईच कन्यादानाला नाही असं चालणार नव्हतं. तेव्हा घरात माणूस म्हणून माझी निवड झाली. "परकं माणूस लग्नाच्या दिवशी बरं दिसत नाही," असं म्हणून काकूंनी माझा जो गौरव केला, त्यामुळे ज्या मुलीला मी परकरातून साडीत आलेलं पाहिलं, तिच्या लग्नाला मी नव्हतो. नवा सदरा घालून मी रिकाम्या घरात बसलो आणि अक्षता पडल्यावर आलेल्या डब्यातली जिलबी खाल्ली. त्या लग्नाला काकूंची आईही आली नव्हती. साताऱ्याकडच्या एका खेड्यात ती म्हातारी एकटी राहत असे. वडील वारले, भाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हापासून आई तिकडे आणि लेक इकडे, अशी वर्षंच्या वर्षं गेली होती. गावचं कुणी कल्याणला आलं की निरोपांची देवाणघेवाण होई. तू ये की, असा इकडून निरोप जायचा आणि तूच ये, मी घर टाकून कशी येऊ, असा तिकडून यायचा. काकूंना त्याचं वाईट वाटत नसे. उलट "तिचं बरोबर आहे," असं म्हणून त्या कौतुकाने हसत. दोघींचं इतकं एकमत होतं की त्यामुळे भेट होत नव्हती.

मग एक दिवस भावाचा पुण्याहून फोन आला, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. आई अंथरुणाला खिळली आहे, डॉक्टर भरवसा देत नाहीत, आणि ती सारखं तुझं नाव घेते आहे. काकू फोन ठेवून घरी आल्या आणि पोळ्या लाटायला बसल्या. काकांची रात्रपाळी, मुलाची बारावी. "उद्या बघते," म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही उद्याच. लाटणं थांबत नव्हतं आणि पोळ्यांचा ढीग वाढत होता, आणि आम्हा सगळ्यांना दिसत होतं की ही बाई अशीच लाटत राहिली तर तिकडे म्हातारी वाट बघत जाईल. शेवटी भाभीने त्यांच्या हातातून लाटणं काढून घेतलं.

"अदी, घर कहीं भाग नहीं रहा. आई भाग जाएगी. तुम्ही जाव. मी बसते इथं."

"तुझे पापड?"

"पापड पण इथंच बसतील."

अशा रीतीने आम्ही त्या घराच्या पाळ्या लावल्या. सकाळी भाभी, दुपारी मुलगा अभ्यास घेऊन, संध्याकाळी मी, आणि काका जेव्हा असतील तेव्हा. काकू पिशवी घेऊन निघाल्या, कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि दूध उतू जाईल हे सांगायला परत आल्या. पुन्हा निघाल्या, पुन्हा आल्या, आणि तुळशीला पाणी घाला म्हणाल्या. तिसऱ्या वेळी भाभी स्वतः त्यांना रिक्षात बसवून आली. त्यानंतर घराची जी स्थिती झाली ती सांगण्यासारखी नाही. कॉटवर पापड, तारेवर पापड, काकांच्या धोतरावर पापड. शिवाय भाभी तिथे बसते म्हणून तिच्या धंद्यातल्या बायका येत आणि त्या येतात म्हणून चहा होई. एकदा पाहिलं तर आत इतकी माणसं होती की मला स्वतःच्या पाळीला जागाच मिळाली नाही. घरात माणूस पाहिजे ही काकूंची इच्छा इतकी पूर्ण झालेली त्यांनी स्वतःही कधी पाहिली नसेल.

काकू आईचं दिवसकार्य करूनच परतल्या. चेहरा ओढलेला, पण डोळे कोरडे. आल्या आल्या त्यांनी कॉटवरचे पापड बाजूला केले आणि बसल्या. भाभीने पाणी दिलं. आम्ही काही विचारायच्या आधीच त्या सांगू लागल्या.

"भेटली. पाच-सहा दिवस मिळाले आम्हाला. ओळखत होती, बोलत होती. मी गेले तर दार सताड उघडं, आणि उंबऱ्यावर शेजारची म्हातारी बसवलेली. मी म्हटलं, आई, मी सतरा निरोप धाडले, एकदाही का आली नाहीस? तर म्हणाली, 'आगं, तू अवचित आलीस अन् दाराला कुलूप बघितलंस, तर उभी कुठं राहशील?'" काकू थोडं हसल्या. "आणि मी इथं कशासाठी बसले होते? लक्ष्मी नाही आणि काही नाही. ती अवचित येईल म्हणूनच. ती माझी वाट बघत बसली आणि मी तिची." मग मात्र त्या रडल्या. भाभीने त्यांना जवळ घेतलं. काका भिंतीकडे तोंड करून पापड गोळा करत राहिले.

महिनाभराने काकूंनी कुलूप आणलं. ते कसं लावायचं हे त्यांना त्यांच्या मुलाने शिकवलं, तरी पहिले काही दिवस त्या ते कडीत न अडकवता नुसतंच दाबत आणि निघून जात. शिवाय त्याच्या किल्ल्या त्यांनी मला, भाभीला, वाण्याला आणि गिरणीवाल्याला देऊन ठेवल्या, त्यामुळे त्या कुलपाने कुणाला अडवलं असेल असं मला वाटत नाही. पण दर आठवड्याला, कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी, त्या बदलापूरला मुलीकडे जाऊ लागल्या, आणि जाताना कधीही कळवत नसत. मुलगी म्हणायची, आई, आधी सांगत जा, मी घरी थांबीन. काकू म्हणत, "मुळीच थांबू नकोस. तुझी कामं कर, बाहेर जा. नसलीस तर मी बसेन कुठंतरी." आणि खरंच, मुलगी नसली तर त्या जिन्यात बसत, नाहीतर शेजारच्या घरात जाऊन त्यांच्या शेंगा सोलत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी काकू गेल्या, फार दिवस आजारी न राहता. तेराव्यानंतर मी बदलापूरला मुलीला भेटायला गेलो. तिने चहा केला. कप हातात घेऊन मी विचारलं की या इमारतीत तुला सोबत आहे ना.

"आहे की," ती म्हणाली. "इथं येऊन चार वर्षं झाली तरी मला कुणाचं नाव माहीत नव्हतं. सगळ्यांची ओळख आईनेच करून घेतली, माझ्या दाराबाहेर बसून." तिने माझ्या कपात उरलेला चहा ओतला. "माहेरी जायला म्हणून मी कधी बॅग भरलीच नाही, दादा. माझं माहेर आपल्या पायांनी जिना चढून यायचं."