अंगणातला टू बीएचके

आमच्या घरात निर्णय कोणी घेत नाही, तो आपोआप होतो, आणि दरवेळी माझ्या सासऱ्यांना हवा तसाच होतो. सासऱ्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. मामा कधी कुणाला नाही म्हणत नाहीत. "आमचं काय, तुमी ठरवा," एवढंच बोलतात आणि बंडीच्या खिशातून तंबाखूची डबी काढतात. डबी निघाली की समजायचं, आता यातून काही होत नाही.

मी नागपूरची बातमी सांगितली आणि डबी निघाली, तेव्हा माझं तोंडच उतरलं.

मी मंचरला एका दूध प्लांटच्या लॅबमध्ये आहे. आलेल्या दुधाची फॅट काढायची, त्यात पाणी, साखर, पावडर काय काय मिसळलंय ते शोधून काढायचं, हे माझं काम. ही बाई लोकांच्या लबाडीवर पोट भरते, असं माझा नवरा म्हणतो. त्यानं तर बोलूच नये, त्याचा सीसीटीव्ही बसवायचा धंदा आहे. तर कंपनी नागपूरला नवा प्लांट काढत होती आणि तिथल्या लॅबची प्रमुख म्हणून मला विचारलं होतं. राहायला कंपनीचा फ्लॅट होता. उत्तर महिनाअखेरीपर्यंत द्यायचं होतं.

मला जायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार समजूतदारपणा दाखवला तर कुणी विश्वास ठेवणार नाही. पिंपरी पेंढारहून स्कूटीवर आळेफाटा, तिथून एसटीनं मंचर, आणि हायवेला कांद्याच्या ट्रकांमागे अडकून राहणं, याचा मला कंटाळा आला होताच. पण खरं कारण ते नव्हतं. ज्या साहेबांना दूध आणि ताक यातला फरक मी समजावून सांगितला, त्यांच्या हाताखाली मला आयुष्य काढायचं नव्हतं.

नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, आई आली तर जाऊ. फार हुशार माणूस आहे. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, आणि चेंडू आईच्या अंगणात टाकून मोकळा झाला. त्याच्या म्हणण्यात तथ्यही होतं. आमची मुलगी नुकती पहिलीत गेलेली. आम्ही दोघं दिवसभर बाहेर असणार, मग तिच्याकडे कोण बघणार. म्हणजे माझं सगळं नागपूर आत्यांच्या एका शब्दावर लटकलेलं, आणि आत्या तर असल्या विषयावर कधी तोंडच उघडत नाहीत.

बाकीच्यांनी मात्र उघडली. तिकडच्या उन्हाबद्दल मला इतक्या जणांनी सांगितलं की जणू उन्हाळा म्हणजे काय हे मला माहीतच नसावं. एका नणंदेनं फोन करून सांगितलं की तिकडे वाघ असतात. आमच्या उसात तोडणीच्या वेळी बिबट्याची पिल्लं सापडतात, अंधार पडला की आम्ही पोरांना ओट्याखाली उतरू देत नाही, आणि ही बाई मला नागपूरच्या वाघाची भीती घालत होती.

मामा यात कुठेच नव्हते. ते बाजूला बसून सगळं ऐकत होते, याचीच मला जास्त धास्ती होती. मग एका संध्याकाळी त्यांनी नवऱ्याकडे फ्लॅटचा नकाशा मागितला. कंपनीनं तो मोबाइलवर पाठवला होता. मामांनी तो मोठा करून करून बघितला, पोरीच्या पाटीवर मापं उतरवून घेतली आणि आत्यांना म्हणाले, उद्या अंगण झाडून ठेव.

आता हे आमचं घर मामांनी स्वतः आखलेलं आहे. पाया खणायच्या आधी मिस्त्री जमिनीवर चुन्याची फक्की टाकून भिंती आखतो, तशी त्यांनी मिस्त्रीला बाजूला सारून स्वतः आखली होती, हे गावात सगळ्यांना माहीत आहे, कारण मामांनीच ते सगळ्यांना सांगितलंय. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर अंगणात पांढऱ्याशुभ्र रेघांचा माझा नागपूरचा फ्लॅट तयार. हॉल, किचन, दोन बेडरूम, संडास-बाथरूम, बाल्कनी, सगळं खऱ्या मापात. दारांसाठी फटी सोडलेल्या. मधोमध हातात टेप घेऊन मामा उभे होते, नवरदेवाच्या बापासारखे.

"या, या. पर भिंतीतनं नका येऊ, दारानं या."

आम्ही दारानं गेलो. मामांनी घर दाखवायला सुरुवात केली. हा हॉल, यात पावणं चार आले तर पाचव्यानं जिन्यात बसायचं. हे किचन, यात सुनेनं पोळी लाटली तर कोपर भिंतीला लागंल. ही तुमची खोली, ही पोरीची. आम्ही कधी आलोच तर हॉलमधी पसरू. आमच्या गाईचा खुंटा नेमका बाथरूममध्ये आला होता आणि ती तिथे निवांत रवंथ करत बसली होती. तिच्याकडे बोट दाखवून मामा म्हणाले की या घरात सुखानं राहील अशी ही एकटीच.

नवरा खो खो हसला. मीही हसले, पण अर्ध्यावरच थांबले. कारण खरंच, उघड्या अंगणात ते सगळं फारच लहान दिसत होतं. मी आत्यांकडे बघितलं. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या आणि त्यांनी मान वर केली नव्हती.

तेव्हाच मामांनी पाणी मारून फक्की पुसली असती तर ते जिंकले असते. पण सकाळी त्यांचे चुलतभाऊ आले.

या दोघा भावांचं बांधावरून जे काही आहे ते माझं लग्न होण्याच्या आधीपासूनचं आहे. चुलत सासऱ्यांचा ट्रॅक्टर आमच्या अंगणाच्या कडेनं जातो. त्यांनी फक्की बघितली आणि दादा नवीन घराचा पाया घालतोय असं समजून पायात चपला न घालताच आले. बाल्कनीचा कोपरा त्यांच्या वाटेत येत होता. ट्रॅक्टर न्यायचा कुठून, असं त्यांचं म्हणणं. हे सगळं गमतीचं आहे, असं एका वाक्यात सांगून मामांना मोकळं होता आलं असतं. पण समोर चुलतभाऊ होता.

"माझी जागा हाये. माझी बाल्कनी हाये."

नवऱ्यानं मध्ये पडून समजावलं, की काका, हा नागपूरचा फ्लॅट आहे. काका म्हणाले, मग नागपुरात बांधा. एक फूट आत घ्या म्हणाले. मामा म्हणाले, एक इंच घेणार नाही. काकांनी मोजणी आणायची धमकी दिली. ज्या बाल्कनीत कोंबडी खुडूक बसणार नाही असं मामांनी आदल्या संध्याकाळी आम्हाला हसून हसून सांगितलं होतं, तिच्यासाठी ते आता सरकारी मोजणीला तयार होते. शेवटी काकांनी ट्रॅक्टर वळसा घालून नेला आणि मामा दिवसभर त्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसले.

आता फक्की पुसणं म्हणजे माघार घेणं होतं. त्यामुळे ती राहिली. रात्री कुत्री, सकाळी कोंबड्या रेघा विस्कटायच्या आणि मामा चहाच्या आधी फक्कीचा डबा घेऊन त्या पुन्हा ओढायचे. जाणारा-येणारा विचारायचा, मामा छाती काढून सांगायचे. हळूहळू त्यांच्या तोंडून फ्लॅटची थट्टा कमी झाली आणि पश्चिमेची हवा कशी खेळती राहील असलं काहीतरी येऊ लागलं. मी हे सगळं बघत होते आणि शहाण्यासारखी गप्प बसले होते.

मग आत्यांचं काहीतरी वेगळंच चाललंय हे लक्षात आलं. म्हणजे मला उशिरा आलं, रविवारी घरी होते म्हणून. दुपारी त्या मटकी निवडायला सूप आणि एक गोणपाट घेऊन अंगणात गेल्या आणि पोरीच्या खोलीत, शेवग्याच्या सावलीत बसल्या. सावलीसाठी बसल्या असतील, असं मी धरून चालले.

आमच्या घराचं दार उजाडल्यावर जे उघडतं ते निजायच्या वेळेला बंद होतं. मधल्या वेळात कोणीही येतं आणि थेट चुलीपर्यंत जातं. मामांचे दोस्त येतात, त्यांना चहा लागतो. शेजारीण येते, तिला विरजण लागतं. मढवरून मामांच्या बहिणीकडचं कोणी बाजाराला आलं की त्याला जेवणच लागतं. या सगळ्यात आत्या उठत असतात. त्यांना पाठ टेकताना मी फक्त आजारपणात बघितलं होतं.

त्या दुपारी शेजारीण वाटी घेऊन आली आणि फक्कीपाशी अडखळली, कारण भिंतीतून आल्यावर मामा ओरडतात हे आता सगळ्या आळीला माहीत झालं होतं. ती फिरून हॉलमधून आत्यांच्या खोलीच्या दाराशी आली. तेव्हा आत्यांनी काय केलं असेल, तर शेजारी पडलेल्या डब्यातून मूठभर फक्की घेतली आणि दाराची फट बुजवून टाकली. शांतपणे, मटकीतला खडा काढावा तशी. शेजारीण रिकामी वाटी घेऊन परत गेली.

थोड्या वेळानं ओट्यावरून मामांनी चहाची हाक मारली. आत्या उठल्या नाहीत. दुसरी हाक मारली. आत्या गोणपाटावर आडव्या झाल्या आणि त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. मामा उठले, रेघेपर्यंत गेले, फट कुठे दिसते का बघितलं, आणि स्वयंपाकघरात येऊन मला विचारलं की साखर कशात असते. मला इतकं हसू आलं की तोंड फिरवावं लागलं. आणि मग एकदम वाईटही वाटलं, की या बाईला दार लावायला मिळावं म्हणून अंगणात घर आखावं लागलं.

महिना संपत आला. एका संध्याकाळी मामांनी सगळ्यांना फक्कीच्या हॉलमध्ये बसवलं. चुलत सासरेही आले होते, पण ते तत्त्व म्हणून रेघेबाहेर उभे राहिले. मामांनी डबी काढली, तंबाखू मळली आणि आत्यांना म्हणाले, आता तूच सांग या पोरांना. उत्तर काय येणार याची त्यांना इतकी खात्री होती की ते आत्यांकडे बघतही नव्हते.

"मी जाणार हाये," आत्या म्हणाल्या.

मामांचा हात तंबाखूवरच थांबला. मला तर आत्यांना मिठी मारावीशी वाटली. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"पर पोर सांभाळायला म्हणून न्हाई. ती खोली माझी. दुपारचं मी दार लावून पडणार. पोरीचं काय ते तुमचं तुमी बघा."

नवरा माझ्याकडे बघायला लागला आणि मी पायाखालच्या जमिनीकडे. माझ्या मनातल्या नागपुरात आत्या पोरीला शाळेतून आणत होत्या, भरवत होत्या, झोपवत होत्या. त्यांना तिथे दुसरं काही करायचं असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी हो म्हणाले.

"आन् मी?" मामांनी विचारलं. आवाज त्यांच्यासारखा नव्हता.

आत्या म्हणाल्या की तुम्हाला कोणी नको म्हटलेलं नाही. मामा म्हणाले, मी इथेच राहणार, वावराकडे कोण बघणार. रेघेबाहेरून काका लगेच म्हणाले की वावर मी बघतो की, वाट्यानं. मामांनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते ट्रॅक्टर न घेताच वळसा घालून गेले. त्या संध्याकाळी मामा अर्ध्या भाकरीवरच उठले. मी प्रथमच त्यांना हरलेलं बघत होते आणि मला त्यात वाटली होती तेवढी मजा येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला होकार कळवला आणि त्याच फोनवर नागपुरात चांगलं पाळणाघर कुठे आहे तेही विचारलं.

फोन ठेवून बाहेर आले तर आत्या त्यांच्या खोलीत शेंगा फोडत होत्या आणि मामा टेप घेऊन बाहेर उभे होते. दाराची फट बुजवलेलीच होती. रेघ त्यांनीच ओढलेली, पण त्यांनी तिच्यावर पाय दिला नाही. बाहेरूनच टेप आत सोडला, ओढून घेतला, परत सोडला. मग शेवग्याकडे बघत, कोणाला तरी सांगावं तसं म्हणाले, "हितं खाट एकच बसंल, वाटतंय."

आत्यांनी शेंगांवरची नजर काढली नाही.

"दोन बसत्यात," त्या म्हणाल्या. "मी मोजलंय."