भ्रूणाचे वय भ्रूणालाच विचारणाऱ्या अक्का

डॉ. पद्माबाईंची आणि माझी ओळख मी शिंकले म्हणून झाली. मेणात बसवलेल्या कोंबडीच्या भ्रूणाचे पातळ काप त्या पाण्यावर तरंगवत होत्या, ते उडाले. "शिंकायचं तर एग्मोर स्टेशनावर जाऊन शिंक!" तंजावरच्या मराठी घरातल्या या बाईंना आम्ही सगळे अक्का म्हणायचो.

एकोणीसशे पन्नासच्या दशकात त्या मद्रासला आमच्या प्राणिशास्त्र विभागात शिकवत. श्रवणाची नस गर्भात कुठून उगवते, हा त्यांचा ध्यास. कानाची इवलीशी पिशवी आधी तयार होते. तिच्या भिंतीतून पेशी बाहेर पडतात आणि मेंदूकडे तंतू धाडतात. हे वाढत्या वयाच्या भ्रूणांत दाखवायचे, हा माझा प्रबंध. तो फसला तर शिक्षण बंद, असे वडिलांनी बजावले होते.

विभागप्रमुखांनी काप चिकटवलेल्या माझ्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. "लहान भ्रूणात पेशी बाहेर, मोठ्यात अजून पिशवीतच? काचांची सरमिसळ केलीत. हा प्रबंध पुढे जाणार नाही."

भ्रूणाचे वय पुस्तकाप्रमाणे उबवणीच्या तासांत मोजायचे, हा हुकूम त्यांचाच! पुस्तक थंड देशातले. आजही माझे डोके तापते.

अक्कांनी एवढेच विचारले, "उबवण्याआधी अंडी कुठं होती?"

"खिडकीखाली, फळीवर. काही ताजी, काही आधीपासून पडलेली."

"मे महिन्यात? अय्यो! ती फळीवरच वाढायला लागली की ग! घड्याळ सोड, पाठीचे मणी मोज."

भ्रूणाच्या पाठीशी मण्यांसारखे खंड वाढीबरोबर एकामागून एक उमटतात. त्यांच्या क्रमाने आम्ही काचा पुन्हा लावल्या. कमी मणी, तिथे पेशी पिशवीत. जास्त मणी, तिथे बाहेर. एकही काच उलटी नव्हती.

विभागप्रमुखांकडे अक्का स्वतः माझ्याबरोबर आल्या. "सर, अंड्यांनी तुमचं पुस्तक वाचलेलं नाही."

सरांनी एकेक काच नव्या क्रमाने पाहिली. मग प्रबंधावर सही केली. माफी मागण्याची पद्धत त्यांच्याकडे नव्हती. मी बाहेर जिन्यावर येऊन बसले. किती दिवसांनी मोकळा श्वास घेतला! अक्कांनी आपल्या डब्यातला दहीभात पुढे केला. "आधी जेव. रडायचं ते नंतर."

पुढे मी निवृत्तीपर्यंत शिकवले, ते त्या सहीमुळे नव्हे, अक्कांच्या त्या प्रश्नामुळे.

आजच्या अमृतमहोत्सवाच्या निमंत्रणपत्रिकेवर अक्कांचे वय पंचाहत्तर छापले आहे. छापोत बापडे. परवा त्या माझ्याआधी जिना चढून वर उभ्या होत्या आणि "धापा काय टाकतेस?" म्हणून मलाच दटावत होत्या. अक्का, तुमचे वय आम्ही तुमच्याच रीतीने मोजतो. अजून पुष्कळ मणी उमटायचे आहेत. ते सगळे निरोगी उमटोत.