दोन ट्रॉल्या आणि अर्शीचे रिव्हर्स

कोपरगावच्या रज्जाकभाईंनी आयुष्यभर उसाच्या ट्रॉल्या बांधल्या आणि त्यांच्या मुलीने, अर्शीने, त्याच ट्रॉल्या कॉम्प्युटरवर पळवल्या. लहानपणी शाळा सुटली की ती वर्कशॉपच्या दारात चित्रे काढत बसायची. कागद संपला की नव्या ट्रॉलीच्या पत्र्यावर खडू चालायचा, आणि गिऱ्हाईक यायच्या आत रज्जाकभाई ओले फडके घेऊन धावायचे. पुढे नगरला गणितात एम.एस्सी. करताना प्रकल्पासाठी तिने विषय निवडला तोही घरचाच. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मागे घेताना त्या ट्रॉल्या कशा वळतात?

विषय दिसतो तेवढा सोपा नाही. स्टेअरिंग डावीकडे फिरवले की पहिल्या ट्रॉलीचे शेपूट उजवीकडे जाते आणि तिच्या मागची दुसरी पुन्हा डावीकडे. हाताला जरा उशीर झाला की दोन्ही ट्रॉल्या एकमेकींवर दुमडून त्यांची घडी पडते. अर्शीने ही सगळी हालचाल समीकरणांत बसवली. नंतर पुण्याच्या एका गेम कंपनीत तिला प्रोग्रामरची नोकरी लागली. काम घरूनच होते. तिथे तीच समीकरणे घालून तिने उसाच्या ट्रॅक्टरचा गेम लिहिला. त्यातली पाटाची वळणे, बांधावरच्या बाभळी, कारखान्याची चिमणी हे सगळे तिच्याच हातचे.

तिचा वरिष्ठ समर्थ याला गेम पसंत पडला. रिव्हर्स मात्र पडले नाही, कारण ऑफिसात ते एकालाही जमले नव्हते.

"आतून थोडी मदत करू या," तो म्हणाला. "ट्रॉली वाकडी व्हायला लागली की प्रोग्रामच ती सरळ करेल. खेळणाऱ्याला कळणारही नाही."

"मग खेळणार कोण? प्रोग्राम?" अर्शी उसळली. "आमच्याकडे जत्रेत रिव्हर्सची स्पर्धा असते. तिथल्या एका तरी ड्रायव्हरला माझे रिव्हर्स जमले, तर त्या रिव्हर्सला हात लावायचा नाही."

"आणि नाही जमले तर?"

"तर मीच काढून टाकीन."

बोलून तर गेली. पण त्या रिव्हर्समध्ये तिचे कॉलेजपासूनचे सगळे काम होते, हे तिलाच ठाऊक होते.

जत्रेच्या दिवशी समर्थ स्वतः हजर झाला. मैदानावर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या होत्या. त्या रेघांना चाक न लावता दोन ट्रॉल्या मागे न्यायच्या, अशी स्पर्धा. कडेच्या मांडवात अर्शीने टेबलावर स्क्रीन मांडला, त्याच्यापुढे गेमचे स्टेअरिंग, खाली पेडल. रज्जाकभाईंनी ओळखीच्या ड्रायव्हरांना हाका मारून आणले. एकेक जण बसला आणि एकेकाच्या ट्रॉल्यांची घडी पडत गेली.

"ह्यात ट्रॉली न्हाई, सापच जोडलाय!" कोणीतरी ओरडले आणि मांडव हसून लोळला.

शेवटी भीमाकाका बसले. आजवर जत्रेतली ढाल कितीदा त्यांच्याच घरी गेलेली. पहिल्याच वळणाला त्यांचीही घडी पडली. धोतराला हात पुसत ते उठले.

"रज्जाकभाई, पोरगी लई हुशार हाय. पन ही ट्रॉली तुमच्या वर्कशॉपची न्हाई बगा."

समर्थ हळू आवाजात म्हणाला, "अर्शी, गणित कुठेतरी चुकले आहे."

"बेटा, आधी चहा घे," रज्जाकभाई अर्शीला म्हणाले.

चहा तसाच निवला. अर्शीने मनातल्या मनात समीकरणे पुन्हा तपासली. चूक सापडेना. डोके अडले की पेन्सिल धरायची, ही तिची जुनी सवय. ती मैदानाच्या कडेला जाऊन बसली. स्पर्धा सुरू झाली होती आणि रेघांमध्ये भीमाकाकांचा ट्रॅक्टर मागे येत होता. ती त्यांचे चित्र काढू लागली, पण नाक-डोळे काढायला तोंडच दिसेना.

"भीमाकाका, जरा इकडे बघा की! तोंड काढायचे आहे."

"तिकडं बगितलं तर ट्रॉली कोन बगंल? तुजा बाप?"

सगळे मैदान हसले, रज्जाकभाईसुद्धा. अर्शीची पेन्सिल मात्र थांबली. भीमाकाकांचा एक हात स्टेअरिंगवर होता, दुसरा मडगार्डवर, आणि कमरेपासून वरचे सारे अंग मागे वळलेले. त्यांच्या आधीचा ड्रायव्हरही असाच बसला होता. या माणसांनी जन्मात कधी समोर बघून रिव्हर्स घेतले नव्हते, आणि तिने स्क्रीन मांडला होता त्यांच्या नाकासमोर.

ती पळतच मांडवात आली. समोरचा स्क्रीन उचलून खुर्चीच्या पाठीमागे नेला. प्रोग्राममधला कॅमेरा ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या जागी ठेवून त्याचे तोंड मागे फिरवले.

"कुठले समीकरण बदललेस?" समर्थने विचारले.

"एकही नाही. टेबल बदलले."

मैदान मारून आलेल्या भीमाकाकांना तिने हाताला धरून पुन्हा बसवले.

"टीव्ही पाठीमागं? डोकं फिरलं का पोरी तुजं?"

"आता तुम्हीच फिरवा, काका."

भीमाकाका वळले. डावा हात सवयीने मडगार्ड शोधू लागला आणि खुर्चीच्या पाठीवर विसावला. उजव्या हाताने स्टेअरिंग जरासे दिले, जरासे परत घेतले. मागची ट्रॉली हलली, वाकली, पुन्हा सरळ झाली. वळण आले तशी मांडवातली माणसे स्क्रीनकडे सरकली. दोन्ही ट्रॉल्या एका ओळीत रेघांच्या मधोमध उभ्या राहिल्या, आणि मग ज्या शिट्ट्या वाजल्या त्या मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू गेल्या.

"व्हय रज्जाकभाई," भीमाकाका कपाळ पुसत म्हणाले, "तुमच्याच वर्कशॉपची हाय."

पाठोपाठ दुसऱ्याने घेतले, तिसऱ्याने घेतले. खुर्चीसाठी ढकलाढकली सुरू झाली. समर्थने तिथूनच पुण्याला फोन लावला. शिट्ट्यांच्या गलक्यात त्याला ओरडून सांगावे लागले, "रिव्हर्स राहणार! आहे तसेच राहणार!"

आज तो गेम मोबाईलवर आहे. रिव्हर्सचा गिअर पडला की स्क्रीनवरचे दृश्य आपोआप मागे वळते आणि खेळणाऱ्याच्या हातात दोन ट्रॉल्या येतात, कुणाच्याही मदतीवाचून. त्या दिवशीचे अर्धे चित्र अर्शीने नंतर रंगवून पूर्ण केले. ते वर्कशॉपच्या भिंतीवर लावले आहे. त्यात भीमाकाकांचे तोंड नाही, म्हणून ते आधी बरेच कुरकुरले. आता वर्कशॉपवर बसलेले असताना गिऱ्हाईक आले की ते स्वतःच त्या पाठमोऱ्या माणसाकडे बोट दाखवतात.

"ह्यो मी. रिव्हर्समदी."