देवघरातला निळा ड्रम

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो, काही मुद्दाम विसरलो. हे एक मात्र विसरू म्हटलं तरी जात नाही. त्यात मी आरोपी पकडला आणि चुकीचा पकडला.

औरादच्या बाजूला, सीमेवरच्या एका ठाण्यात मी पीएसआय होतो. बोलणं मराठीत, कागद कन्नडमध्ये, असा आमचा कारभार. एका दुपारी एक बाई ठाण्यात आली. तिच्या शेजारच्या लिंगायत घरातली म्हातारी कावीळ होऊन आठवड्यात गेली होती आणि मुलाचेही डोळे पिवळे पडले होते.

"सायेब, घरात तीन माणसं. दोघं आजारी अन् सून तेवढी ठणठणीत. कामून, ते तुमीच इचारा," ती म्हणाली.

सून दुसऱ्या जातीतली, पळून जाऊन लग्न केलेली. मला तेवढं पुरलं. गावाचा राग ज्याच्यावर, पोलिसांचा संशय त्याच्यावर, ही सोपी वाट मी बरीच वर्षं चाललो होतो.

गुन्हा नोंदवला. तहसीलदारांसमोर म्हातारीचा पुरलेला देह उकरला, व्हिसेरा प्रयोगशाळेत पाठवला. मग घराचा पंचनामा. स्वयंपाकघरातल्या पिठाच्या डब्यापासून मिठाच्या बरणीपर्यंत सगळं सील केलं. माळ्यावर फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली सापडली, तसा मी खूश झालो. शेवटी देवघर राहिलं. तिथं मी बूट काढले, उंबऱ्याबाहेरून हात जोडले आणि मागे फिरलो. हवालदारांनीही तेच केलं. देवघरात विष कोण शोधतो!

महिला कॉन्स्टेबल बसवून सुनेची चौकशी सुरू केली. "सासूच्या जेवणात काय घातलंस?"

"म्या रांधलेलं त्या खातच नव्हत्या, सायेब. आपलं आपण करून घ्यायच्या."

"मग पाण्यात?"

"त्यांचं पाणी देवघरातल्या ड्रमात. लिंगाची दीक्षा न्हाई म्हणून मला त्याला शिवू देत नव्हत्या. मी हापशाचं पिते."

"उत्तरं चांगली पाठ केलीस," मी म्हणालो आणि तिला अटक केली. तिनं केसची उकल माझ्या हातात दिली होती, मी ती झटकून टाकली.

तिचा नवरा रोज ठाण्यात यायचा. "सायेब, तिनं काय केलं न्हाई. सोडा तिला."

"तुला कळायचं नाही. आम्ही तुझाच जीव वाचवायलोय," असं मी त्याला सांगायचो. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

लिंगायतांत सुतक नसतं. म्हातारी असताना ती रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा करून तीर्थ प्यायची, मुलालाही द्यायची. ती गेल्यावर दुसऱ्याच दिवशी पूजा मुलानं हाती घेतली. पाणी त्याच ड्रमातलं. तीन आठवड्यांत त्याची मूत्रपिंडं बंद पडली. जिल्ह्याच्या दवाखान्यातून "घरी न्या" म्हणून सांगितलं आणि दोन दिवसांत तो गेला. बायको कोठडीत असताना नवऱ्याला विष कोण घालत होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. मी म्हटलं, आधीच्याच विषाचा परिणाम असेल.

व्हिसेऱ्याचा अहवाल आला. कीटकनाशक नाही. शवविच्छेदन करणारे डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही शेतातलं विष शोधताय. हे यकृत कारखान्यातल्या विषानं गेलंय. घरात कुठं पिंप, ड्रम आहे का?"

या वेळी मी देवघरात शिरलो. कोपऱ्यात निळा ड्रम, वर दोन अरुंद बुचं, तळाशी नळ. धूळ जाऊ नये म्हणून म्हातारीनं वरचं झाकण कापू दिलं नव्हतं, त्यामुळे राख लावून घासायला हात आत गेलाच नव्हता. बूच काढलं, तर गोडसर वास. आत कार्बन टेट्राक्लोराइड होतं, क्लोरीनपासून केलेलं औद्योगिक द्रावक. ते पाण्याहून जड, तळाशी बसतं. नळही तळाशीच होता.

ड्रम म्हातारी आजारी पडायच्या थोडंच आधी बाजारातून आणलेला. विकणारा म्हणाला, "अण्णा, आमी इसळूनच इकतो की." लेबल खरवडलेलं. ड्रम ज्या कारखान्यातून आल्याचा संशय होता, त्याचे कागद चोख निघाले. तज्ज्ञांना विचारलं, किती प्यायल्यावर माणूस मरतो? ते म्हणाले, पाण्यातली सुरक्षित मर्यादा आयुष्यभर रोज पिण्यासाठी ठरवतात, मरणाचं माप तिच्यावरून निघत नाही. या दोघांच्या पोटात रोज किती गेलं, ते आता कुणीच सांगू शकणार नाही. खटला उभा राहिला नाही. पुढच्याच बाजारात तसले ड्रम पुन्हा रांगेनं उभे होते. मी उचलायला लावले, आठवड्यानं परत आले.

या केसनं मला काय शिकवलं? निर्दोष माणूस पहिल्याच दिवशी, साध्या शब्दांत खरं सांगतो. ऐकणाऱ्याचेच कान आधी भरलेले असतात. पण हे शिकून कोण परत आलं? माझं शहाणपण दोन माणसांच्या मरणानंतरचं आहे, त्याचा मला काडीचा उपयोग वाटत नाही.

सुटकेच्या दिवशी मी तुरुंगाच्या फाटकाशी गेलो. नवरा गेल्याचं तिला आत कळलं होतं; मातीला तिला कुणी नेलं नव्हतं. मी माफी मागितली. तिनं ती ऐकली की नाही, कळलं नाही.

"सायेब, जाताना त्यांला पाणी कुणी पाजलं?" तिनं विचारलं.

तक्रार घेऊन आलेल्या त्याच शेजारणीचा जबाब मीच लिहून घेतला होता. त्याला घरघर लागली, तेव्हा तिनं धावत देवघरात जाऊन नळ सोडला होता आणि तीर्थाचे दोन चमचे त्याच्या तोंडात घातले होते.

"माहीत नाही," मी म्हणालो.