बर्फचाचा आणि टोपीवाल्याचे पाच सिनेमे

बर्फचाचांनी उभ्या आयुष्यात बर्फ पाहिला तो दोनच ठिकाणी: बहरीनमधल्या एका कोल्ड स्टोरेजच्या आतल्या भिंतींवर, आणि कॅनडातल्या एका फ्रेंच बोलणाऱ्या दिग्दर्शकाच्या पाच जुन्या सिनेमांत. पण बर्फाविषयी त्यांच्याइतक्या अधिकाराने बोलणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. पडद्यावर पांढरंशुभ्र रान दिसलं की ते डोळे बारीक करत आणि वैद्याने नाडी सांगावी तसं सांगत, "मायनस अठरा. नाय, वीस. त्या घोड्याच्या तोंडातली वाफ बगा."

चाचा राजापूरकडचे. ए.सी. आणि कोल्ड स्टोरेजचे मेकॅनिक. बाहेर ऑगस्टचं ऊन माणसाला भाजून काढत असताना हे कानटोपी आणि दोन स्वेटर घालून मासळीच्या खोक्यांमध्ये पाना फिरवत असायचे. तिथल्या नईम वस्तीत त्यांची एक लांबट खोली होती. नव्वद सालानंतर मी अकाउंटंट म्हणून बहरीनला गेलो तेव्हा त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायला लागलो. तिसऱ्याच दिवशी त्यांनी मला जिन्यात अडवलं आणि विचारलं, "जुम्म्याला दुपारी काय करतोस?" झोपतो म्हटलं. "झोप गावाला जाऊन काढ. सिनेमा बगायला ये."

ते सिनेमे त्यांच्याकडे आले समुद्रकाठच्या झल्लाक गावाहून. तिथल्या एका रिसॉर्टवर कॅनडाचा एक इंजिनियर राहायचा. ऐन उन्हाळ्यात त्याचा ए.सी. बंद पडला आणि चाचांनी सुट्टीच्या दिवशी जाऊन तो चालू केला. तेव्हापासून दोघांची मैत्री. तो कायमचा परत निघाला तेव्हा सामान हलकं करताना त्याने पाच कॅसेटी चाचांच्या हातात ठेवल्या. सगळे सिनेमे फ्रेंचमध्ये, खाली इंग्रजी अक्षरंही नाहीत. खोक्यावर केसाळ टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्याचा फोटो आणि इंग्रजीत चार ओळी होत्या. त्या चार ओळी वाचून दाखवायला चाचांनी पहिल्याच शुक्रवारी मला बसवलं. त्यांत लिहिलं होतं की या माणसाच्या आधी त्या मुलखात स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या गावचा सिनेमा कुणी काढला नव्हता, आणि याने नट न घेता गावातल्याच माणसांकडून कामं करून घेतली.

"म्हंजे हिरो मफी, हिरो नायच," चाचा खूश होऊन म्हणाले. "हिरोइन मफी. सगळे गाववाले." मग म्हणाले, "आपल्या बोलीत कोणी काढलाय रे? आमच्या गावचा? येक पण नाय." त्या दिवसापासून तो दिग्दर्शक त्यांचा 'टोपीवाला' झाला. त्याचं नाव खोक्यावर छापलेलं होतं, पण ते उच्चारायच्या फंदात चाचा कधी पडले नाहीत. आपल्या माणसाला नावाने हाक मारायची गरज नसते, असं त्यांचं म्हणणं.

शुक्रवारी जमणाऱ्या आम्हा मंडळींत फ्रेंच कुणालाच येत नसल्यामुळे संवाद चाचा बोलत. टीव्हीच्या बाजूला स्टूल टाकून बसायचे, हातात काळ्या चहाचा ग्लास, आणि पडद्यावरच्या प्रत्येक माणसाला राजापुरी तोंड द्यायचे. सिनेमांत फारसं काही घडत नसे. माणसं लाकडं तोडत, सूप पीत, चर्चला जात, खिडकीतून बाहेर बघत. पण चाचांनी त्या गावाची पूर्ण भाऊबंदकी उभी केली होती. जाडा पाद्री म्हणजे गावचा खोत. कमी बोलणारी म्हातारी म्हणजे सगळ्या गावाला तिचीच दहशत. एका सिनेमात झाडाला भोक पाडून खाली बादली टांगलेली दिसली, तेव्हा सगळे गोंधळले. चाचा नाही गोंधळले. "आपण माडाला मडका बांधतो, हे बादली बांधतात. पुढे बगा, आता रस चुलीवर आटवतील." आणि खरंच, पुढच्या सीनमध्ये मोठ्या कढईत आटवत होते! आमचा त्यांच्यावर विश्वास बसला तो त्या कढईमुळे.

अविश्वास फक्त कुलकर्णींचा. कुलकर्णी पुण्याचे, बँकेत होते, आणि दर शुक्रवारी येऊन दर शुक्रवारी शंका काढत.

"चाचा, तुम्हाला फ्रेंच येतं का?"

"नाय. तुला येतं?"

"नाही."

"मग गप बस. न येणाऱ्या दोघांत मी सिनेमा पाच वेळा बगितलाय, तू येकदा."

चाचा रंगसुद्धा सांगत. त्यांच्या टीव्हीवर सगळे सिनेमे काळेपांढरे दिसायचे. "तिची शाल हिरवी हाय," ते म्हणायचे. कशावरून, असं कुलकर्णींनी विचारलं की, "तिच्या तोंडावरून."

पाचवी कॅसेट त्यांची सर्वांत लाडकी. तिचा शेवट असा होता: एका लाकडी घराचं दार उघडतं, खांद्यावर पिशवी घेतलेला माणूस बाहेर पडतो, दारात एक बाई उभी राहते, काहीतरी बोलते, आणि तो बर्फातून चालत आपल्याकडे येत राहतो. घर मागे लहान लहान होत जातं. बस, एवढंच. चाचा सांगायचे, हे शेटचं घर. वर्षानुवर्षं इथे राबला. आता काम सोडलं, ती दारातली शेटची स्वयंपाकीण 'जेवून तरी जा' म्हणतेय, पण हा काय थांबतो? आणि ग्लास खाली ठेवून, दर वेळी त्याच आवाजात, "घरी चाललाय."

एवढं बोलून ते लगेच उठून कॅसेट काढायचे. आम्ही त्यांच्याकडे बघत नसू. कारण चाचांना बहरीनमध्ये बावीस वर्षं झाली होती आणि दर वर्षी ते म्हणायचे, "या साली व्हिसा कॅन्सल करून जाणार. इंशाल्ला." आधी घराचं छप्पर व्हायचं होतं म्हणून थांबले. मग मोठीचं लग्न, मग धाकटीचं. धाकटीला मूल झालं तरी व्हिसा रिन्यू झालाच. कॉटखाली त्यांची एक मोठी बॅग असायची, अर्धी भरलेली. तिच्यातून ते सुट्टीवर जाताना वस्तू काढायचे आणि परत आल्यावर पुन्हा भरायला लागायचे. घरवालीचं पत्र आलं की दोन दिवस त्यांचा आवाज बसलेला असायचा. त्यांना जायचं होतं, यात शंका नव्हती. जाणं जमत नव्हतं, यातही नव्हती.

अशात हमद टाउनला आठल्ये म्हणून एक इंजिनियर सहकुटुंब राहायला आले. आठल्येवहिनी पुण्याला कॉलेजात फ्रेंच शिकवत होत्या! ही बातमी कुलकर्णींनी आणली, आणि ज्या चेहऱ्याने आणली तो मी अजून विसरलेलो नाही. वहिनींनी लगेच सगळ्यांना घरी बोलावलं. चाचांनी त्या आठवड्यात तीन वेळा तब्येतीचं निमित्त केलं. शेवटी मी म्हणालो, "चाचा, टोपीवाला काय म्हणतो ते एकदा कळू दे की." ते म्हणाले, "तो काय बोलतो ता मना ठाव हाय. त्याला ठाव हाय का, ता बगू."

हमद टाउनला तेव्हा पत्ता म्हणजे राउंडअबाउटचा, गोल चौकाचा नंबर. वहिनींनी नंबर नीट सांगितला होता, पण गाडी चाचा चालवत होते. एका राउंडअबाउटला आम्ही चार फेऱ्या मारल्या. कुलकर्णी म्हणाले, "चाचा, हे मुद्दाम चाललंय." चाचांनी पाचवी फेरी घेतली.

वहिनींच्या घरी थालिपीठ खाऊन पाचवी कॅसेट लावली, आणि पहिलाच धक्का बसला. सिनेमा रंगीत होता. वहिनींचा टीव्ही नवा, सगळ्या देशांच्या कॅसेटी नीट दाखवणारा. चाचांच्या जुन्या टीव्हीला कॅनडाचे रंग पकडता येत नव्हते, हे आम्हाला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. बाईची शाल लालभडक होती. कुलकर्णींनी वळून चाचांकडे पाहिलं. "नवीन घेतली असंल," चाचा म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

वहिनी हळूहळू अर्थ सांगत गेल्या. जाडा पाद्री खोत नव्हता, चांगला माणूस होता. म्हातारी बहिरी होती, म्हणून कमी बोलायची. चाचा टीव्हीच्या बाजूला स्टूल न टाकता भिंतीला टेकून बसले होते. मला मनापासून वाईट वाटत होतं आणि तरी हसूही येत होतं. मग तो शेवट आला. दार उघडलं. माणूस बाहेर पडला. चाचांनी आता पुन्हा तोंड उघडलं, "बाई, हा घरी चाललाय ना?"

वहिनींना आमची पूर्वपीठिका ठाऊक नव्हती. त्या सरळ म्हणाल्या, "नाही चाचा, हे त्याचंच घर आहे. ती बायको. तो थंडीभर जंगलात लाकडं तोडायच्या कामाला निघालाय. ती म्हणते, या वर्षी तरी लवकर ये. आणि तो म्हणतो, हे शेवटचंच वर्ष."

कुलकर्णींनी थालिपिठाच्या बशीत बोट फिरवलं. इतक्या शुक्रवारी शंका काढणारा तो माणूस घाईघाईने म्हणाला, "वहिनी, जुनी फ्रेंच असेल. तुमचं काहीतरी चुकत असेल." वहिनी गोंधळून एकदा त्यांच्याकडे, एकदा चाचांकडे बघायला लागल्या.

चाचा उठले. व्हीसीआरपाशी जाऊन उकिडवे बसले, आणि सिनेमा चालू असतानाच त्यांनी रिवाइंडचं बटण दाबून धरलं. पडद्यावर पांढऱ्या रेघा आल्या आणि बर्फातला तो माणूस उलटा चालायला लागला. तोंड आपल्याकडे, पाय मागे मागे. घर मोठं होत गेलं. स्वतःची पावलं पुसत पुसत तो पायरी चढला, लाल शालीच्या बाईशेजारून उलट्या पावलांनी आत शिरला, आणि दार लागलं.

"आला की नाय घरी?" चाचा म्हणाले.

आम्ही पोट धरधरून हसलो. वहिनीही हसल्या. कुलकर्णींनी टाळ्या वाजवल्या. चाचा मात्र हसले नाहीत. त्यांनी सिनेमा पुढे नेला, पुन्हा तो माणूस बाहेर पडू दिला, पुन्हा उलटा घरात घातला. असं तीनदा केलं. परतताना त्यांनी एकाही राउंडअबाउटला जादा फेरी मारली नाही.

पुढच्या शुक्रवारी सिनेमा नव्हता. मी खाली गेलो तर कॉटखालची बॅग कॉटवर होती आणि पूर्ण भरलेली होती. "खलास," चाचा म्हणाले. "ऑफिसात सांगून आलो. व्हिसा कॅन्सल." मी विचारलं, एवढं अचानक? ते बॅगेचा पट्टा आवळत म्हणाले, "अरे, टोपीवाल्याला मी बारा वेळा खोटा पाडला. तेरावी बारी त्यानं मना पाडला. शेवटचंच वर्ष, म्हणे! ह्या माझ्या तोंडातलं बोलणं त्याला कोणी सांगितलं?" मग पाची कॅसेटी त्यांनी माझ्या हातात दिल्या. "बोलणी तू कर आता. रंग नीट सांग."

विमानतळावर आम्ही आठ-दहा जण गेलो होतो. वहिनी लाडू घेऊन आल्या होत्या आणि पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, मी उगीच बोलले हो. चाचांनी कानटोपी घातली होती, जून महिन्यात. त्यांनी सगळ्यांना मिठी मारली, खांद्याला पिशवी लावली आणि आतल्या दाराकडे निघाले. पाच पावलं गेल्यावर थांबले, आमच्याकडे तोंड केलं, आणि तसेच मागे मागे चालू लागले. एका जाड्या अरबाला धडकले, "सॉरी, सॉरी" म्हणाले, पण वळले नाहीत. दारावरचा पोलीस हसून "यल्ला, यल्ला" म्हणत त्यांना हाताने आत घेत होता. काचेचं दार सरकलं, चाचा उलट्या पावलांनी आत शिरले आणि दार लागलं.

शेजारी कुलकर्णी चष्मा पुसत उभे होते. तो डोळ्यांवर लावून त्यांनी बंद दाराकडे पाहिलं आणि चाचांच्याच आवाजात म्हणाले, "घरी चाललाय."